गोष्टीला लागणारा हुंकार

आमच्या आजीची गोष्ट सांगण्याची एकच अट होती. ऐकणाऱ्याने मधून मधून 'हं' म्हणायचे. हुंकार थांबला की तिची गोष्टही थांबत असे, मग राक्षस दारात उभा असो की राजपुत्र विहिरीच्या काठावर. "हं म्हण, नाही तर गोष्ट झोपते," असे ती म्हणे, आणि आम्ही डोळ्यांवर आलेली झोप मागे सारून पुन्हा हं म्हणत असू. आमचे घर सोलापूरच्या साखर पेठेत होते. दोन खोल्या, पुढे कट्टा, आणि भिंतीला भिंत लागून यंत्रमागाचे शेड. माग दिवसरात्र चालत, त्यामुळे तो खटखटाट आमच्या कानांना ऐकू येईनासा झाला होता. परंतु रात्री वीज गेली की तो एकदम थांबे आणि मग मात्र ती शांतता ऐकू येई. आजी गोष्टीला सुरुवात करायची ती नेमकी त्याच वेळी. मागावरची माणसे घाम पुसत बाहेर येऊन बसत, शेजारच्या अव्वा विड्यांचे सूप मांडीवरून खाली ठेवत, आणि त्यांचा नातू आमच्यात येऊन बसे. तो 'हं' म्हणत नसे, 'ऊ' म्हणत असे. आजीने एकदा त्याला टोकले, तेव्हा अंधारातून अव्वांचा आवाज आला, "आमच्यात ऊ म्हणतेत ओ. चालतंय की."

तेलुगूत गोष्टीला हुंकार देण्यासाठी 'ऊ कोट्टु' असे एक क्रियापदच आहे, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. दोन भाषांनी एकाच गरजेला आपापला स्वर दिला होता आणि ते दोन्ही स्वर आमच्या कट्ट्यावर एका गोष्टीखाली एकत्र येत होते. आज मी शाळेत मराठी शिकवते, गेली अनेक वर्षे मुलांसाठी गोष्टी सांगण्याचे कार्यक्रम करते, आणि शहरात मुलांचे नाटक आले की कोणाचे तरी मूल बरोबर घेऊन ते पाहायला जाते. या सगळ्यात मी काय शोधत असते, असे कोणी विचारले तर माझे उत्तर एवढेच असेल की मी त्या खोलीतला हुंकार शोधत असते. मुलांसाठी केलेला प्रयोग चांगला झाला की नाही हे मला रंगमंचाकडे पाहून कळत नाही. ते मुलांकडे पाहून कळते, आणि तेही कानांनी.

आपल्या जुन्या कहाण्यांना ही गोष्ट पक्की ठाऊक होती. श्रावणातल्या रविवारी सांगितली जाणारी आदित्यराणूबाईची कहाणी मला सर्वांत जवळची वाटते, कारण तिचा विषयच मुळी ऐकणे हा आहे. बाप राणी झालेल्या लेकीकडे जातो आणि म्हणतो, मला कहाणी सांगायची आहे, ती ऐक. राजा शिकारीला निघाला आहे, मला वेळ नाही, असे ती म्हणते. तो प्रधानाच्या घरी दिलेल्या दुसऱ्या लेकीकडे जातो, ती ऐकते. पुढे न ऐकणारीच्या घरी दारिद्र्य येते आणि ऐकणारीचे घर भरलेले राहते. त्यानंतर कहाणी ऐकण्यासाठी उपाशी माणसाचा शोध सुरू होतो, आणि मोळीविक्या, माळी, म्हातारी असे एकेक जण भेटत जातात. सांगणारीने मनोभावे सांगितली आणि ऐकणाऱ्याने चित्तभावे ऐकली, असे पालुपद दर वेळी येते. लहानपणी मला त्यातली शिक्षा फार कठोर वाटे. आता वाटते की ज्यांनी ही कहाणी रचली त्यांना गोष्ट सांगण्याइतकेच गोष्ट ऐकणे हेही काम वाटत होते, आणि त्या कामाचे मोल त्यांनी धान्यात आणि मोत्यांत मोजून दाखवले.

मागच्या मे महिन्यात भाचीच्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन मी हुतात्मा स्मृती मंदिरात एका बालनाट्याच्या प्रयोगाला गेले होते. सोलापूरच्या मे महिन्याबद्दल बाहेरच्यांना वेगळे सांगावे लागते. पारा चाळीस अंशांच्या वर गेला की दुपारी रस्ते ओस पडतात, त्यामुळे प्रयोग सकाळचा होता. या नाट्यगृहाचे नाव १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांच्या स्मरणार्थ आहे. आत शिरताना ती चार नावे मी मुलांना सांगते. त्या दिवशीही सांगितली. मुलीने विचारले, "ते इथं नाटक बघायला येत होते का?" मी म्हणाले, त्या वेळी हे नाट्यगृह नव्हते. तिला ते पटले नसावे, कारण आत गेल्यावर तिने मधल्या रांगेतल्या चार रिकाम्या खुर्च्या बराच वेळ निरखल्या.

तिसरी घंटा झाली, दिवे मंदावत गेले, आणि सभागृहभर एक बारीक 'आऽ' पसरला. पहिला हुंकार हाच. पडदा उघडायच्या आधी, काहीही सांगितले जायच्या आधी, अंधार झाल्याबरोबर मुले जो श्वास आत घेतात तो. मोठ्यांच्या नाटकाला हा आवाज येत नाही. मोठ्या माणसांना अंधाराची सवय झालेली असते. मुलाला मात्र शेकडो अनोळखी माणसांबरोबर मुद्दाम केलेल्या अंधारात बसण्याचा अनुभव कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच येत असतो, आणि या अंधाराचे काही तरी चांगले होणार आहे यावर त्याला विश्वास ठेवावा लागतो. मुलीने माझा हात धरला तो मध्यंतरापर्यंत सोडला नाही.

नाटकात एक जागा होती. दुष्ट पात्र झाडामागे लपले आहे, नायक समोर येऊन विचारतो, "मुलांनो, कुठे गेला तो?" अशी जागा बहुतेक बालनाट्यांत असते आणि तिच्यावर टीका करणे सोपे असते. मला मात्र ती प्रामाणिक वाटते, कारण त्या क्षणी मुलाला जे ठाऊक आहे ते नायकाला ठाऊक नसते, आणि आपल्याला ठाऊक असलेले ज्याला गरज आहे त्याला सांगणे हा मुलाच्या दृष्टीने सरळ धर्म असतो. सभागृह ओरडले. "झाडामागे! मागे बघ!" तेवढ्यात माझ्या पुढच्या रांगेत एक मुलगा खुर्चीवर गुडघे टेकून बसला होता, तो ओरडला नाही. त्याने ओठांजवळ दोन्ही हातांचा द्रोण केला आणि अगदी हळू म्हणाला, "मागे बघ." झाडामागच्याला ऐकू जाऊ नये, ही त्याची काळजी होती. दुष्टाला सुगावा न लागता नायकाला वाचवायचे होते. एवढा विचार त्याने दोन क्षणांत केला होता, आणि ते पुटपुटणे रंगमंचापर्यंत पोहोचणार नाही याची त्याला जराही शंका नव्हती.

नायकाने मात्र कानाला हात लावला आणि म्हणाला, "ऐकू नाही आलं! अजून जोरात!" मुले अजून जोरात ओरडली. "अजून!" आणखी जोरात. तिसऱ्या वेळी मुले दुष्टाला विसरली होती. आता ती एकमेकांपेक्षा मोठ्याने ओरडत होती, आणि पुढच्या रांगेतला मुलगा द्रोण सोडून खाली बसला होता. नटाने हे वाईट हेतूने केले असे मला वाटत नाही. बस रात्रभर प्रवास करून आलेली असते, संध्याकाळी दुसऱ्या गावी प्रयोग असतो, आणि दणदणीत प्रतिसाद हा थकलेल्या माणसाला आधार असतो. परंतु आरोळी आणि हुंकार यांत फरक आहे, आणि तो आवाजाच्या पातळीचा नाही. हुंकार गोष्टीसाठी दिलेला असतो. आरोळी मागितली म्हणून दिलेली असते, आणि तिची सवय लागली की मूल पुढच्या वेळी नाटकाला जाताना ओरडायला मिळेल म्हणून जाते.

त्याच प्रयोगात एक वडील उठून उभे राहिले आणि मोबाइलवर चित्रीकरण करू लागले. त्यांच्या मांडीवरचे मूल रंगमंचाकडे पाहायचे सोडून त्या उजळलेल्या चौकोनात पाहू लागले. समोर जे जिवंत घडत होते तेच वीतभर आकारात हातात दिसत होते, आणि मुलाने हातातले निवडले. मला राणी झालेल्या लेकीची आठवण झाली. वेळ नाही असे तिचे म्हणणे होते. इथे वेळ काढून, तिकीट काढून, उन्हातून येऊनही ऐकणे राहून जात होते. मला त्या वडिलांचा राग आला नाही, वाईट मात्र फार वाटले, कारण मुलाचा तो क्षण घरी जपून ठेवावा एवढीच त्यांची इच्छा होती, आणि तो हातातून निसटला तो त्या जपण्यामुळेच.

मराठीत मुलांसाठी खास, मोठ्यांनी मन लावून केलेले नाटक ही फार जुनी गोष्ट नाही. शाळेच्या संमेलनात मुलांनी नाटक करायचे आणि पालकांनी ते कौतुकाने पाहायचे, ही रीत आधीपासून होती. सुधा करमरकर यांनी परदेशातील बालरंगभूमी पाहून १९५९ मध्ये मुंबईत 'लिटल थिएटर' सुरू केले आणि रत्नाकर मतकरींचे 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणले, तेव्हा दिशा उलटी झाली. आता मूल प्रेक्षक झाले, आणि तयारीची जबाबदारी मोठ्यांवर आली. नेपथ्य, प्रकाश, संगीत, वेशभूषा यांत मुलांचे आहे म्हणून काटकसर करायची नाही, हा त्यांचा आग्रह होता. माझ्या मते त्या आग्रहात नेपथ्याहून मोठी गोष्ट होती, ती म्हणजे मुलाला पूर्ण प्रेक्षक मानणे. कौतुक करून घेणाऱ्या मुलाकडून हुंकाराची अपेक्षा कोणी करत नाही.

पुण्यात शिक्षणशास्त्राचे शिक्षण घेत असताना मी ग्रिप्सची नाटके पाहिली. बर्लिनमधून डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने १९८६ च्या सुमारास ही बालनाट्याची चळवळ पुण्यात आली. त्यात राक्षस नव्हते, पऱ्या नव्हत्या. मोठ्या वयाचे नट मुलांची कामे करत आणि विषय घरातले असत. आईवडिलांचे भांडण, शेजाऱ्याची दटावणी, एकट्याने घरी थांबणे. एका प्रसंगात रंगमंचावरचा मुलगा आपल्या वडिलांना काही सांगू पाहत होता आणि वडील वर्तमानपत्रातून डोके काढत नव्हते. सभागृहात कोणी ओरडले नाही, हसले नाही. माझ्या शेजारचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा हळूच मान वळवून आपल्या वडिलांच्या तोंडाकडे पाहू लागला. वडील रंगमंचाकडे पाहत होते. मग त्यांनी खाली पाहिले. दोघांची नजर मिळाली, आणि दोघेही पुन्हा समोर पाहू लागले. आजीच्या शाळेत शिकलेल्या मला तोपर्यंत हुंकार म्हणजे आवाजच वाटत होता. त्या दिवशी समजले की मान वळवणे हाही हुंकार असतो, आणि बहुधा तो अधिक खोलवरून येतो.

हे सगळे माहीत असूनही मी स्वतः उभी राहिले तेव्हा चुकले. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट आहे. एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मला गोष्ट सांगायला बोलावले होते. मैदानावर सहाशे मुले, उंच व्यासपीठ, दोन मोठे ध्वनिक्षेपक. मी 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' सांगायला घेतली, कारण ती प्रत्येक मराठी मुलाला येते आणि पालुपदाला सगळी मुले आपोआप सामील होतात असा माझा अनुभव होता. माझा आवाज मैदानभर फिरून भिंतीवर आपटून मलाच परत ऐकू येत होता. पहिल्या रांगेतल्या मुलांचे ओठ हलताना दिसत, परंतु त्यांचा आवाज ध्वनिक्षेपकाच्या खाली दबून जाई. मला हुंकार ऐकू येईना, म्हणून मी अधिक जोराने सांगू लागले, आणि मीही अखेर तेच म्हणाले, "आवाज येत नाही, मोठ्याने म्हणा!" मुले आज्ञाधारक होती. त्यांनी 'टुणुक टुणुक' असे कवायतीसारखे म्हटले. म्हातारी लेकीकडे पोहोचली, तूप-रोटी खाऊन जाडजूड झाली, वाघाला चकवून घरी आली, आणि वाटेत तिच्यासाठी भीती कोणालाही वाटली नाही. घरी येऊन मी जेवले नाही. आजी तेव्हा हयात होती. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तुला त्यांचं तोंड दिसत होतं का?" मी नाही म्हणाले. "मग त्यांनी हं कुणाला म्हणायचं?" एवढेच ती बोलली.

त्यानंतर मी ध्वनिक्षेपक घेऊन मुलांना गोष्ट सांगितलेली नाही.

गोष्ट सांगणाऱ्याला साथ देणारा माणूस लागतो, हे आपल्या लोककलांनी कधीच ओळखले होते, आणि या बाबतीत सोलापूरला दूर कुठे पाहावे लागत नाही. पेशवाईच्या अखेरच्या काळातले शाहीर राम जोशी याच शहरातले. लावणीतही रमले आणि कीर्तनातही. शाहिराच्या मागे झील धरणारे 'जी जी' म्हणतात तेव्हा ते गाणे पुढे रेटतातच, शिवाय ऐकणाऱ्यांच्या वतीने हुंकारही देतात. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात. तिथल्या कीर्तनात बुवांनी प्रश्न टाकावा आणि टाळकऱ्यांनी अभंगाचा चरण उचलावा, हा तोच व्यवहार. तेलुगू बुर्रकथेत मुख्य कथेकऱ्याच्या दोन बाजूंना दोन साथीदार ढोलकीसारखी वाद्ये घेऊन उभे असतात. एक जण विनोद करतो, दुसरा चालू काळावर बोलतो, आणि दोघेही 'तंदाना ताना' म्हणत कथा उचलून धरतात. तेलंगणात पद्मशाली विणकरांना मार्कंडेय पुराण सांगणारे कुनापुली कथेकरी चित्रांचा लांब कापडी पट उलगडत जातात. एक चित्र, एक प्रसंग, आणि मग पुढची घडी. त्याच मार्कंडेय ऋषींचा रथ दर नारळी पौर्णिमेला आमच्या पूर्व भागातून, म्हणजे शहरातल्या तेलुगू विणकरांच्या वस्तीतून निघतो. लहानपणी तो रथ पाहताना अव्वा मार्कंडेयाची गोष्ट सांगत, यमाने फास टाकला तेव्हा पोराने शिवलिंगाला कशी मिठी मारली ते सांगत, आणि आम्ही रस्त्याच्या कडेला, ढोलांच्या आवाजात, 'ऊ' म्हणत असू. तेव्हा मला तेलुगू फारशी येत नव्हती. गोष्ट मात्र कळत होती.

गेली काही वर्षे पूर्व भागातल्या एका छोट्या सभागृहात महिन्यातून एका रविवारी सकाळी आम्ही मुलांना गोष्टी सांगतो. चाळीसेक मुले येतात, सतरंजीवर बसतात, आणि पहिली रांग माझ्या हाताच्या अंतरावर असते. विड्या वळणाऱ्या बाया मुलांना सोडायला येतात आणि हळूहळू मागच्या भिंतीला टेकून बसतात. काही जणी सूप बरोबर आणतात आणि पान कापता कापता ऐकतात. हात कामात गुंतलेला माणूस फार चांगला श्रोता असतो, असे माझे मत झाले आहे. कार्यक्रम पस्तीस मिनिटांचा. लहान मुलांचे ध्यान त्याहून पुढे ताणले तर ती बसतात, पण ऐकत नाहीत. खिडक्या अर्ध्या बंद, दिवे सुरू, कारण इथे मला त्यांची तोंडे दिसली पाहिजेत.

इथल्या मुलांची घरची भाषा कोणाची तेलुगू, कोणाची कन्नड, कोणाची उर्दू, कोणाची मराठी. शाळेत सगळी मराठी बोलतात आणि खेळताना सगळ्यांचे मिळून एक सोलापुरी बोलतात, त्यात 'का बे' आणि 'काय करायलास' हमखास येते. सुरुवातीला मी शुद्ध मराठीत सांगत असे आणि मुले अदबीने ऐकत. अदब म्हणजे हुंकार नव्हे, हे कळायला दोन-तीन रविवार गेले. मग मी चादरीतल्या मोराची गोष्ट रचली. सोलापुरी चादरीवर मोर विणलेला असतो, तो प्रत्येक मुलाच्या अंगावर रात्री असतोच. गोष्टीत एका विणकराच्या घरातला मोर रात्री चादरीतून उठून निघून जातो आणि त्याच्या जागी मोराच्या आकाराचे भोक उरते. विणकराची मुलगी त्याला शोधायला निघते. कन्ना चौकात विचारते, भुईकोट किल्ल्याच्या खंदकाशी जाते, सिद्धेश्वर तलावाच्या काठी उभी राहते, गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यावर चढून वरून पाहते. प्रत्येक ठिकाणी ती हाक मारते. तेलुगू घरातली म्हणून तिची पहिली हाक असते, "नेमली, रा!" किल्ल्यापाशी भेटलेला मुलगा कन्नड, तो म्हणतो, "नविले, बा!" पुढे तिसरा म्हणतो, "मोरा, ये!" आणि चौथी म्हणते, "मोर, आजा!"

पहिल्यांदा ही गोष्ट सांगितली तेव्हा मी 'नेमली, रा' म्हणाले आणि एका कोपऱ्यात बसलेल्या, एरवी कधी तोंड न उघडणाऱ्या पाच-सहा मुलांनी एकदम मान वर केली. मागच्या भिंतीशी पाने कापणारी कात्री थांबली. पुढच्या हाकेला ती मुले माझ्या आधी म्हणाली, आणि माझा उच्चारही त्यांनी दुरुस्त केला. त्यांना कोणी 'मोठ्याने' असे सांगितले नव्हते. तलावाच्या काठी पोहोचेपर्यंत खोलीतली सगळी मुले चारही भाषांत हाका मारत होती, आणि कोणाची कोणती भाषा हे मला ओळखता येत नव्हते.

त्यानंतरच्या एका रविवारी एका शाळेच्या शिक्षिका अकरा कर्णबधिर मुलांना घेऊन आल्या. मला आधी कल्पना नव्हती आणि मी घाबरले. सोलापुरात २०१५ साली पहिले अखिल भारतीय मराठी बालनाट्य संमेलन भरले, त्याच्या अध्यक्षा कांचन सोनटक्के होत्या. मुंबईच्या 'नाट्यशाला'तून त्यांनी दिव्यांग मुलांबरोबर आयुष्यभर नाटक केले आहे, हे मला ठाऊक होते. परंतु ठाऊक असणे आणि त्या मुलांसमोर उभे राहणे यांत अंतर असते. शिक्षिका माझ्या शेजारी उभ्या राहून खुणांनी सांगू लागल्या. मी वेग कमी केला. मोर उडाला तेव्हा मी हात पसरले, तर त्यांच्यातल्या एका मुलीने मान हलवून नाही म्हटले आणि मोर खरा कसा निघेल ते दाखवले: आधी एक पाय चादरीतून सोडवून, मग दुसरा, मग ओढून काढावा लागणारा लांब पिसारा. तिचेच बरोबर होते. विणलेला मोर इतक्या सहज कसा उडेल? तेव्हापासून माझा मोर तसाच निघतो. हाकेची वेळ आली तेव्हा त्या अकरा जणांनी दोन्ही हात वर करून बोटे थरथरवली, आणि ऐकू येणाऱ्या मुलांनी ते पाहून आपल्या हाका बंद केल्या व हात वर केले. एक्कावन्न मुलांचे हात हवेत हलत होते आणि खोलीत शेजारच्या मागाची खटखट तेवढी ऐकू येत होती. माझ्या आजीने हा हुंकार मान्य केला असता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मुंबई-पुण्याहून येणारी मोठी बालनाट्ये मला नकोत असे यावरून कोणी समजू नये. सुट्टीत येणाऱ्या त्या दोन-चार प्रयोगांची मी वाट पाहते. पडदा, घंटा, अंधार, उडती चेटकीण, हे चाळीस मुलांच्या सभागृहात कधी मिळणार नाही आणि ते प्रत्येक मुलाला एकदा तरी मिळाले पाहिजे. अडचण पैशांची आहे. मुंबईहून चारशे किलोमीटर नेपथ्य आणायचे, वीस माणसांचा मुक्काम करायचा, तर तिकीट स्वस्त ठेवता येत नाही, आणि चार जणांचे विणकराचे किंवा विडी कामगाराचे कुटुंब त्या रांगेत उभे राहू शकत नाही. जे उपाशी आहेत ते कहाणीपर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून मला वाटते की अशा प्रत्येक मोठ्या प्रयोगाची काही तिकिटे गावातल्या लोकांनी मिळून पूर्व भागातल्या, कुंभारीच्या विडी कामगार वसाहतीतल्या मुलांसाठी विकत घ्यावीत, आणि त्या मुलांना मागे नव्हे, पुढे बसवावे. गेल्या वर्षी आम्ही काही जणांनी नऊ तिकिटे घेतली. यंदा तीसचा विचार आहे.

मागच्या महिन्यातल्या रविवारी वीज गेली, उकाडा वाढला, लहान मुले रडू लागली, आणि मी मोराची गोष्ट जत्रेपाशीच आवरती घेऊन मोर परत आला असे दोन वाक्यांत सांगून टाकले. मुले गेली. मी सतरंज्या झटकत होते, तेवढ्यात सभागृहाचे राखणदार दारात येऊन उभे राहिले. साठीचे गृहस्थ, गिरणी बंद पडल्यापासून हे काम करतात. दर महिन्याला दाराबाहेर स्टुलावर बसलेले असतात. "बाई, मी मोटर बघायला गेलतो," ते म्हणाले. "तो मोर पाळण्यावरनं दिसला का तिला?"

मी म्हणाले, दिसला.

"मग आला कसा? आपल्या पायानं, का तिनं धरून आणला?"

मी सतरंजी खाली ठेवली आणि तिच्यावर बसले. ते उंबऱ्यावर बसले. माग अजून सुरू झाले नव्हते. मी म्हणाले, पाळणा वर गेला तेव्हा तिला लांब, तलावाच्या पलीकडे, मंदिराच्या कळसाशी काही तरी निळे दिसले.

"हं," ते म्हणाले.